झाकणाच्या आतली तारीख

“एकशे बारा मेंबर आहेत त्या ग्रुपवर! आणि तुम्ही सरळ ‘चोर’ लिहिलंत!”

गंधालीचा आवाज हॉलभर घुमला. पलीकडच्या टेबलावर गळक्या छताचं भांडण मिटवायला आलेले दोन शेजारी आपलं भांडण विसरून इकडे वळून बघायला लागले.

“गप बस गो,” आबा हळूच म्हणाले. “तू वकील कधी झालंस?”

मुलुंडला त्या शनिवारी लोकअदालत भरली होती. घरून निघताना गंधालीच्या डोळ्यांपुढे उंच खुर्ची, लाकडी हातोडा असलं काय काय होतं. प्रत्यक्षात हॉलमध्ये ओळीनं टेबलं मांडलेली, आणि चार नंबरच्या टेबलामागे निवृत्त न्यायाधीश रत्नप्रभा मॅडम चष्मा कपाळावर सरकवून कटिंग चहा पीत होत्या. त्यांच्या एका हाताला एक वकील, दुसऱ्या हाताला एक समाजसेविका. मॅडमनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, “आम्ही निकाल लादत नाही. दोघांना पटेल तेच कागदावर येईल. एकदा सह्या झाल्या की त्यावर अपील नाही. आणि नाहीच पटलं, तर मग रीतसर कोर्ट आहेच.”

जयवंत परब, म्हणजे गंधालीचे आजोबा, तिचे आबा, घड्याळं दुरुस्त करत. एका जुन्या सोसायटीच्या जिन्याखाली त्यांची अडीच फुटांची काचेची पेटी होती, आणि त्या पेटीमागे ते चाळीस वर्षं बसले होते. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, मान खाली. इतकी खाली, की सोसायटीतली निम्मी माणसं त्यांना चेहऱ्यापेक्षा टकलावरूनच ओळखत.

तीन महिन्यांपूर्वी त्याच सोसायटीतल्या देवेशनं वडिलांचं चावीचं घड्याळ पवईच्या एका शोरूममध्ये दाखवलं. वडील, चंद्रप्रकाश, दीड वर्षापूर्वी वारले होते. शोरूमवाला म्हणाला, “केस जुनी आहे, पण आतलं मशीन हे नव्हे. कोणीतरी बदललंय.” ते घड्याळ आयुष्यभर फक्त आबांच्याच पेटीवर गेलं होतं. झालं! देवेशनं सोसायटीच्या ग्रुपवर ‘चोर’ लिहून टाकलं. आठवड्याभरात अकरा गिऱ्हाइकं आपापली घड्याळं तशीच, बंद पडलेली, परत घेऊन गेली. आबा रोज सकाळी पेटीतले रिकामे हूक पुसत बसायचे. वर देवेशनं आईच्या नावानं अर्जही टाकला: मूळ मशीन परत द्या आणि लेखी माफी मागा.

आणि आबा? गप्प! एक शब्द नाही! गंधालीला त्यांच्या गप्प बसण्याचा इतका राग यायचा की बस. वक्तृत्वात आंतरशालेय पहिलं बक्षीस नुकतंच पटकावलं होतं तिनं. आता ती कोणाला घाबरत नव्हती. तिनं रंगीत पट्ट्या लावून फाइल केली होती, मुद्दा एक ते नऊ. पण सगळ्यात जबरदस्त मुद्दा आबांनी काल खोडायला लावला होता. “ता बोलूचा नाय,” इतकंच म्हणाले होते. कारण विचारलं तर पुन्हा मान खाली.

मॅडमनी आता चष्मा डोळ्यांवर घेतला. “जयवंतराव, मला एवढंच सांगा. मूळ मशीन तुमच्याकडे आहे?”

“आहे,” आबा म्हणाले.

हे गंधालीच्या फाइलमध्ये कुठेच नव्हतं.

“बघा!” देवेश खुर्चीवरून उठलाच. “बघा मॅडम, स्वतःच्या तोंडानं कबूल! मी काय सांगत होतो? चोर ते चोर!”

“खाली बसा तुम्ही,” मॅडम म्हणाल्या. “इथे मला हा शब्द पुन्हा ऐकू यायला नको.”

आबांनी शर्टाच्या खिशातून एक काळी डबी काढली. जुन्या कॅमेऱ्याचे रोल मिळायचे, तसली. देवेशनं हात पुढे केला तर आबांनी डबी मागे घेतली.

“तुमका नाय. वहिनींका.”

देवेशची आई नलिनीताई इतका वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. त्यांनी डबी घेतली, झाकण काढलं आणि तळहातावर उपडी केली. आतून निघाला गंजाचा एक तपकिरी गोळा. दातेरी चाकं एकमेकांना चिकटून दगड झालेली. तळहातावर लालसर पूड सांडली.

“हे… हे त्यांच्या घड्याळातलं?”

“होय, वहिनी.”

“मूळ मशीन म्हणे! भंगारातून उचलून आणलंय,” देवेश म्हणाला. “आणि खरंच तेच असेल, तर बाबांनी घड्याळ शेवटचं तुमच्याकडे दिलं त्याला दोन वर्षं झाली, तेवढ्यात एवढा गंज?”

आता मात्र गंधालीला राहवेना. आबा रागावतील तर रागावू देत!

“कधी बदललं, तेही लिहिलेलं असेल! झाकणाच्या आत बघा ना! आबा कुठलंही घड्याळ उघडलं की झाकणाच्या आतून सुईनं तारीख कोरतात. सगळे जुने घड्याळजी कोरतात. आणि मशीन बदललं तर तारखेला गोल करतात. शोरूमवाल्याला ठाऊकच नसेल! उघडून बघा, एका मिनिटात कळेल!”

आबांनी डोळे मिटून घेतले. खोडायला लावलेला मुद्दा तो हाच.

मॅडम पुढे झुकल्या. “खरं आहे का हे?”

“खरा असा.” आबा पॅनेलकडे नाही, देवेशकडे नाही, नलिनीताईंकडे वळले. “पण घड्याळ तुमचा, वहिनी. तुम्ही म्हणालात तरच उघडतंय. नायतर देवेश सांगता तशी माफी लिवन देतंय. माझी काय हरकत नाय.”

गंधाली बघतच राहिली. न केलेल्या चोरीची माफी? का?

नलिनीताईही त्यांच्याकडे बघत होत्या. “उघडा,” त्या म्हणाल्या आणि पिशवीतलं घड्याळ त्यांच्यापुढे ठेवलं.

आबांनी टेबलावर रुमाल पसरला. एरवी चहाचा ग्लास धरताना थरथरणारे हात चिमटा धरल्यावर कसे दगडासारखे स्थिर व्हायचे! झाकण टकदिशी निघालं. एका नाण्याएवढी चकती. ती त्यांनी नलिनीताईंसमोर ठेवली, आपलं भिंग दिलं, डोळ्याला कसं धरायचं ते दाखवलं.

पहिल्यांदा त्यांना काही दिसेना. मग दिसलं.

“किती लिहिलंय यात! एकोणीसशे शहाऐंशी… एक्क्याण्णव… अठ्ठ्याण्णव…” प्रत्येक तारखेपाशी त्या थांबत होत्या. मग चकती त्यांनी उजेडाकडे वळवली.

“काय झालं, आई?” देवेशनं विचारलं.

“याला गोल आहे. सहा ऑगस्ट दोन हजार पाच.”

सव्वीस जुलैनंतरचा अकरावा दिवस. मुंबईत त्या तारखेचं गणित कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

“साकीनाक्याहून चालत आले होते हे,” नलिनीताई भिंग न काढताच सांगू लागल्या. “दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. छातीपर्यंत पाणी होतं म्हणे. दारात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलले माहितीये? ‘हात वर धरून आलो. तुझ्या बाबांच्या घड्याळाला थेंब लागू दिला नाही.’ लग्नात बाबांनी जावयाला दिलेलं घड्याळ हे. बाबा त्याच वर्षी मार्चमध्ये गेले होते. मग काही दिवस घड्याळ मनगटावर दिसेना. विचारलं, तर म्हणाले, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहिलंय.”

त्यांनी भिंग खाली ठेवलं. “मला सांगू नका म्हणाले असतील ना तुम्हाला?”

आबांनी रुमालाची घडी सारखी केली.

“वीस वर्षं, जयवंतराव! आणि हे तीन महिने? लोक तोंडावर चोर म्हणत होते, तेव्हासुद्धा?”

“गिऱ्हाईक पेटीवर बोलता ता पेटीतच रवता,” आबा म्हणाले. “साहेब गेले म्हणान माझो शब्द थोडोच गेलो?”

गंधालीनं फाइल मिटली. नऊ मुद्दे, रंगीत पट्ट्या, पहिलं बक्षीस, आणि शेजारी हा माणूस! तीन महिने ती त्यांना भित्रा समजत होती. रोज त्यांच्याबरोबर एकाच ताटलीतली भजी खातानासुद्धा!

देवेशचा चेहरा पडला होता. “सॉरी, काका. मी आत्ता लिहितो ग्रुपवर. बाबांनीच बदलून घेतलं होतं, असं—”

“तसं नाही लिहायचं,” नलिनीताई पटकन म्हणाल्या. “चूक आमची होती, एवढंच लिही. बाकीचं ग्रुपवर कशाला?”

मॅडमच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. त्यांनी तडजोडीचा मजकूर सांगितला, समाजसेविकेनं लिहून घेतला: तक्रार मागे, ग्रुपवर खुलासा, मूळ मशीन मिळालं. कागद फिरला. आबांनी सही केली. मोठी, वाकडी, अर्धी ओळ खाणारी. सातवी शिकलेला माणूस करेल तशी.

“झालं तर मग,” वकील म्हणाले आणि पुढच्या फायलीकडे वळले. “पुकारा करा.”

“एक मिनिट साहेब,” आबा म्हणाले. “झाकण उघडलंय मी.”

वकिलांना काही कळलं नाही. रत्नप्रभा मॅडमना मात्र कळलं. पुकारा करायला निघालेल्या शिपायाला त्यांनी हाताच्या खुणेनं थांबवलं.

आबांनी भिंग डोळ्याला लावलं. खिशातून सुई काढली. मान खाली. चार नंबरच्या टेबलावर न्यायाधीश थांबल्या, वकील थांबले, देवेश हातातला फोन तसाच धरून थांबला, आणि ओळीतली पुढची माणसं कशासाठी थांबलोय ते माहीत नसताना थांबली. सुईचा बारीक खरखर आवाज तेवढा येत होता.

आबांनी हलकेच फुंकर मारली, झाकण बसवलं, चावी दिली. मग घड्याळ नलिनीताईंच्या हातात दिलं. त्यांनी ते कानाला लावलं. दुसऱ्या हातात डबी घट्ट होती.