मंत्र्याच्या बॅगेतला लॅक्टोमीटर

मी एक लॅक्टोमीटर, म्हणजे दूध तपासायची काचेची नळी. मला दुधात सोडतात, मी डळमळतो, मग थांबतो. दुधाच्या पातळीला आलेला माझ्या मानेवरचा आकडा वाचून माणसं ठरवतात, दुधात पाणी आहे की नाही. अंगावर आकडे असल्यामुळे सगळे मला विद्वान समजतात. मला मात्र कुठल्याही आकड्यावर थांबताना भीतीच वाटत आली आहे. आत्ताही मला सगळं नीट आठवतंय ना, अशी शंका आहेच.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यातला. सांगलीकडच्या केरूने मला विकत घेतलं आणि टॉवेलात गुंडाळून सौदीला, अल खर्जला आणलं. तिथल्या एका छोट्या डेअरीच्या गेटवर तो आसपासच्या शेतांवरून येणारं दूध तपासून घ्यायचा.

तिथेच ताजुद्दीन भेटला. आफ्रिकेतल्या बरांगा नावाच्या लहानशा देशातला. वय बावीस, हातात अर्थशास्त्राची पदवी आणि काम बाटल्यांवर लेबलं चिकटवायचं. दोघांचं बोलणं निम्मं अरबी, निम्मं हिंदी. केरूच्या शिव्या तेवढ्या मराठीत.

एकदा केरू इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या कामासाठी रियाधला गेला आणि गेटवर त्याने ताजुद्दीनला उभं केलं. हरिहर नावाचा एका शेतावरचा गवळी नुकतंच काढलेलं दूध घेऊन आला. मी पंचवीसवर थांबलो. अठ्ठावीसच्या वर असायला हवं होतं.

"पाणी घातलंय," ताजुद्दीन म्हणाला. हरिहर शपथा घेत राहिला. दूध वाळूत ओतलं गेलं. हरिहरच्या कफीलने, म्हणजे त्याला कामावर आणणाऱ्या मालकाने, त्याला मायदेशी पाठवायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी केरूने विचारलं, "दूध निवू दिलं होतंस का?"

"म्हणजे?"

"अरे शहाण्या, कोमट दूध पातळ असतं. त्यात हा खालीच जाणार. पदवी कसली घेतलीस लेका, लेबलं चिकटवायची?"

ताजुद्दीन सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला आणि चूक आपली आहे, असं लिहून दिलं. 'नळी बिघडली' म्हणता आलं असतं. मी काय, नाही थोडाच म्हणणार होतो! पण तो तसं म्हणाला नाही. हरिहर राहिला, ताजुद्दीनचा महिन्याचा पगार कापला गेला. माणूस असाही असतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तो मायदेशी निघाला तेव्हा केरूने मला त्याच्या हातात दिलं. "घे, तुला जास्त गरज आहे."

पुढची पंचवीस वर्षं मी त्याच्या टेबलावर उभा राहून थक्क होत आलो. आधी तो शाळेत शिकवायचा. मग सांख्यिकी खात्यात लागला. गावोगावच्या बाजारात सायकलवर जाऊन ज्वारीचे आणि मिठाचे भाव स्वतः लिहून आणायचा. साहेब हसायचे. मग दुष्काळ आला, आणि कुठल्या गावात धान्य आधी संपणार, हे त्या एकट्याच्या वह्यांवरून कळलं. तिथून तो सचिव झाला आणि शेवटी देशाचा अर्थमंत्री. मंत्रालयात पाहुणे विचारायचे, "हे काय?" तो म्हणायचा, "माझे मास्तर." मला संकोच वाटायचा. मी त्याला काय शिकवलं होतं? फक्त चुकलो होतो.

या हिवाळ्यात आम्ही रियाधला आलो. इथल्या एका कंपनीला बरांगातल्या नदीकाठी जनावरांच्या चाऱ्याची शेती करायची होती. करार ताजुद्दीननेच तीन वर्षं खपून जमवला होता. नदीचं पाणी सगळ्यांना पुरेल, असं त्यानेच संसदेत सांगितलं होतं. सहीच्या आदल्या सकाळी त्याच्या खात्याचा नवा अहवाल आला. जुनी मोजणी पावसाळ्यानंतरची होती. उन्हाळ्यात शेतीला पाणी दिलं, तर खालच्या अंगाच्या धनगरांपर्यंत नदी पोचणारच नव्हती.

त्याने ते कळवताच राष्ट्राध्यक्षांचा फोनवर निरोप आला, "सही कर, नाहीतर राजीनामा दे."

दुपारी तो टॅक्सी करून बत्ह्याला, रियाधच्या जुन्या बाजारपेठेत गेला. गर्दीतल्या एका खानावळीत अजून सौदीतच असलेला केरू वाट पाहत होता. केस पांढरे झालेले, जीभ तशीच.

"मंत्री झालास आणि अजून चहात बिस्किट बुडवतोस? कुणी बघितलं तर देशाची अब्रू जाईल."

"देशाची नाही, केरूभाई, माझी जाणार आहे." त्याने सगळं सांगितलं. "तीन वर्षं ज्या आकड्यावर बोललो, तो चुकीचा निघाला. लोक म्हणतील, ह्याला साधं पाणी मोजता येत नाही."

"म्हणतीलच. घाबरलायस?"

"खूप."

"मग घाबरत घाबरत सांग. मी कधी तुला म्हटलं का, न घाबरता सांग म्हणून?" केरूने बिस्किटांची बशी त्याच्याकडे सरकवली. "खा. उद्या सरकारी नाश्ता मिळेल न मिळेल."

दुसऱ्या दिवशी मी टेबलाखाली, त्याच्या उघड्या बॅगेत होतो. सगळं ऐकलं. ताजुद्दीन उभा राहून म्हणाला, "माझा आकडा चुकला. उन्हाळ्यात पुन्हा मोजल्याशिवाय मी सही करणार नाही." मग कंपनीचे वृद्ध शेख म्हणाले, "उन्हाळ्यापर्यंत थांबू. मोजणीला आमचीही माणसं येतील." फाईल बंद झाली. संध्याकाळी ताजुद्दीनचं मंत्रिपदही गेलं.

आज विमानतळावर तो साध्या रांगेत उभा राहिला. तपासणीवाल्याने मला बॅगेतून काढलं. "हे काय? आणि तुम्ही काय करता?"

"दूध तपासायची नळी. मी कालपर्यंत मंत्री होतो."

"आणि मी कालपर्यंत वैमानिक होतो! यल्ला, चला पुढे."

दोघंही हसले. ताजुद्दीनचं इतकं मोकळं हसणं मी मंत्रालयात कधी ऐकलं नव्हतं. विमानाला अजून अवकाश आहे. माझ्या काचेला बारीक तडा गेलाय, यापुढे कुणी मला दुधात सोडणार नाही. म्हणून एवढंच मागतो: भर सभेत स्वतःचाच आकडा मागे घेणारा कुणी दिसला, तर त्याला हसू नका. त्याला बसायला खुर्ची द्या. त्याचे पाय थरथरत असतात, मी टेबलाखालून पाहिलंय.