गुळगुळीत फरशी

ठेकेदाराकडे राबून राबून गुडघे झिजले, तेव्हा कुठे ओळंब्याच्या तोंडून एकदाचं निघालं, "उद्यापासून येत नाही. स्वतःचं काम सुरू करतोय."

त्याचं खरं नाव कामावर कुणाच्या लक्षातही नव्हतं. फरशी केसभर वाकडी बसली तरी तो उखडून पुन्हा बसवायचा, म्हणून गवंड्यांनी भिंत सरळ आहे का ते बघायच्या दोरी-वजनाचं नाव देऊन त्याचा ओळंबा करून टाकला होता.

ठेकेदार रागावला नाही. उलट हसला. "जा बाबा. हात तुझा सोन्याचा आहे. पण धंदा हातावर नाही चालत, तोंडावर चालतो. आणि तुझ्या तोंडाला तर कुणीतरी गिलावा करून ठेवलाय."

आजूबाजूचे खो खो हसले. ओळंब्याच्या ते जिव्हारी लागलं, पण तोंडाला गिलावा असल्यामुळे तो काही बोलला नाही.

त्याने जुनं फरशी कापायचं मशीन घेतलं, कार्डं छापली, दारावर पाटी लावली. आणि मग फोनची वाट बघत बसला. काही केल्या फोन वाजेना. शेवटी बायकोलाच शंका आली. "अहो, तो बिघडला तर नाही ना?" तिने स्वयंपाकघरातून स्वतःच्या फोनवरून लावून बघितला. बाहेरच्या खोलीत तो खणखणीत वाजला. ओळंबा धडपडत उठला, "हॅलो, बोला साहेब!" म्हणाला, आणि आतून बायकोचं हसू ऐकून पुन्हा खाली बसला. त्या दिवशी दोघंही हसले. पुढच्या महिन्यात कुणी हसेनासं झालं. एकदा खरंच फोन आला, तर समोरचा माणूस विचारत होता, "वॉशिंग मशीन दुरुस्त करता का?"

अशा वेळी मोठी बहीण धावून आली. ताईच्या सासूबाई थकल्या होत्या; ओळंबा त्यांना मावशी म्हणायचा. त्यांच्या खोलीला लागून नवीन बाथरूम करायचं होतं. "घरचा मिस्त्री असताना बाहेरचा कशाला?" ताई म्हणाली, आणि दाजींनीही लगेच मान डोलावली.

दुकानात ताईने बोट ठेवलं ते थेट पांढऱ्याशुभ्र, आरशासारख्या चकचकीत फरशीवर. भिंतीलाही तीच, खाली जमिनीवरही तीच.

ओळंब्याने फरशीवर अंगठा फिरवला. अंगठा लोण्यावरून गेल्यासारखा सरकला. "ताई, भिंतीला चालेल. खाली नको. ओली झाली की पाय घसरेल. मावशींना तर..."

"अरे, पायपुसणं टाकू की. ती खडबडीत बघ, कशी दिसते. रस्त्यावर घालतात तसली."

"मग निदान धरायला एक दांडी लावू भिंतीला."

"दवाखान्यासारखी?" ताईने नाक मुरडलं.

दाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघ, तुझं पहिलं काम आहे. लोक येतील, बघतील, फोटो काढतील. जरा नजरेत भरणारं कर. तुझ्याच फायद्याचं आहे."

ठेकेदाराकडे असताना असले निर्णय ठेकेदार घ्यायचा. गिऱ्हाईक अडून बसलं तर तो आवाज चढवायचा, प्रसंगी सामान उचलून चालू लागायचा. ओळंब्याने तोवर फक्त खाली मान घालून फरशी बसवली होती. आता गिऱ्हाईक समोर उभं होतं आणि ते एकुलतं एक होतं. 'नाही' हा शब्द ओठापर्यंत आला आणि तिथूनच माघारी गेला.

"बरं," तो म्हणाला.

काम मात्र असं केलं, की बघणाऱ्याने बघतच राहावं. सांधे दोऱ्यासारखे सरळ, उतार इतका नेमका की पाणी एक थेंब मागे न ठेवता जाळीत जायचं. शेजारचे बघून गेले. मावशींनी दारातूनच आत डोकावलं आणि पदर सावरला. "अगंबाई! इथे आंघोळ करायची? मला तर पाहुणी आल्यासारखं वाटतंय." सगळे हसले. ओळंब्याची छाती फुगली. फरशी ओली नव्हती, त्यामुळे त्या दिवशी तो विचार त्यालाही शिवला नाही.

मावशी पडल्या तेव्हा पायपुसणं दोरीवर वाळत होतं.

दवाखान्याच्या बोळात ओळंबा भिंतीला टेकून उभा राहिला. खुब्याचं हाड मोडलं होतं. दाजी खोलीतून बाहेर आले आणि त्याच्याकडे बघून म्हणाले, "तू कशाला त्रास घेतलास यायचा? वय झालंय आईचं. कुठेही पडली असती." त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ताई बाकावर बसली होती. डोळे सुजलेले. "तू म्हणाला होतास," ती हळूच म्हणाली.

"एकदाच म्हणालो, ताई."



आणि नेमका तेव्हाच फोन वाजायला लागला. शेजाऱ्यांनी काढलेले फोटो फिरले होते. पहिला फोन ताईच्याच वरच्या मजल्यावरून. "तुम्ही खाली केलंत ना, अगदी तसंच हवं. वडील राहायला येताहेत आमच्याकडे."

"ती फरशी मी घालणार नाही," ओळंबा म्हणाला. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. मावशी कशा पडल्या, हाड कुठे मोडलं, त्या किती कण्हत होत्या. पलीकडच्या बाईंनी घाईघाईने फोन ठेवला. वरचं काम दुसऱ्याने केलं. पांढरंशुभ्रच.

दुसऱ्या-तिसऱ्या गिऱ्हाइकालाही त्याने तेच ऐकवलं. लोक काम द्यायला यायचे आणि सुतकाला बसून आल्यासारखे परत जायचे. बायकोने समजावलं. "अहो, घालू नका ती फरशी. पण मावशींचं कशाला सांगत बसता?" त्यालाही ते कळत होतं. पण दुकानातली तशी फरशी दिसली की त्याची जीभ आवरत नसे. जिथे चालायला हवी होती तिथे ती एकदाच चालली होती.

शेवटी तो ठेकेदाराकडे गेला. ठेकेदाराने टोमणा मारला नाही. "सोमवारी ये," एवढंच म्हणाला. "पण तुझ्या जागी आता दुसरा आहे. त्याच्या हाताखाली करावं लागेल." ओळंब्याने मान हलवली.

रविवारी तो छिन्नी-हातोडी घेऊन ताईकडे गेला. ताईने काही न विचारता दार उघडलं. मावशी आता अंथरुणातच होत्या. डॉक्टरांनी उभं राहण्याची आशा सोडली होती. ओळंब्याने बाथरूमचं दार आतून ओढून घेतलं आणि पहिला घाव घातला. इतकी चांगली बसवली होती, की निघता निघेना.

"कोण आहे गं आत?" मावशींचा आवाज आला.

त्याने हातोडी खाली ठेवली आणि दार किलकिलं केलं. "मी आहे, मावशी. फरशी काढतोय. खडबडीत घालतो. दांडीही लावतो."

मावशी छताकडे बघत होत्या. "कुणासाठी रे?"

ओळंब्याने दुसऱ्या हातातली छिन्नीही खाली ठेवली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "छान होती. मला इथून एक कोपरा दिसायचा. सकाळी उजेड पडला की चमकायचा."

त्याने मागे वळून पाहिलं. दाराकडचा कोपरा त्याने आधीच फोडला होता. तुकडे गोळा करायला तो गुडघ्यांवर बसला, आणि एकेक तुकडा जिथल्या तिथे जुळवून बघू लागला. बाहेर मावशी ताईला विचारत होत्या, "गेला का गं तो? आवाज का बंद झाला?"