उंच पीक

पुन्हा पाय हलला. मी माइकचं बटण दाबून ओरडले, "अहो, किती वेळा सांगू? डोळा लागला की पाय चालवायचा नाही!" एमआरआय मशीनच्या बोगद्यात पडलेल्या शिंप्याने हात वर करून माफी मागितली आणि त्या नादात पाय आणखी हलला. सगळी मेहनत पाण्यात.

आयुष्यभर पायमशीन चालवलेला माणूस. जरा पेंग आली की त्याचा उजवा पाय आपोआप शिवायला लागायचा. आणि गाठ नेमकी त्याच पायाच्या हाडात, गुडघ्याच्या वर. मला इथे सगळे चुंबकबाई म्हणतात, ते या एमआरआयमधल्या चुंबकामुळे. स्वभावाने मी माणसांना लांबच ढकलते.

नेहमीचे फोटो कालच काढून झाले होते. आजची तपासणी गाठीच्या आत कोणती रसायनं आहेत ते बघते. त्यासाठी माणसाला दगडासारखं पडून राहावं लागतं. मग पडद्यावर एक रेघ उमटते, तिला सुळके येतात. त्या सुळक्यांना आम्ही पीक म्हणतो. कोलीन नावाच्या रसायनाचं पीक उंच आलं, तर पेशी भराभर वाढत असल्याची दाट शंका. तेवढ्यावर कुणी कॅन्सरचा शिक्का मारत नाही, तुकडा काढून तपासतातच. पण इतकी वर्षं रेघा बघितल्यावर अंदाज यायचा तो येतोच.

शेवटी त्याचा पाय मी पट्ट्यांनी आवळला, वर चार शब्द सुनावले, आणि रेघ आली. मी डॉक्टरांना फोन लावला. "पीक उंच आलंय. खूपच," मी म्हणाले. फोन ठेवताना दिसलं, माइक चालूच होता. मी कपाळावर हात मारून घेतला.

आत जाऊन पट्ट्या सोडल्या. "झालं, दादा. सावकाश उठा."

"उंच पीक म्हणजे चांगलंच की," तो म्हणाला.

"ते पीक वेगळं. डॉक्टर सांगतील."

तो पाय खाली सोडून बसला. "चांगलं नाहीये ना ताई? सकाळपासून वसावसा ओरडत होतात माझ्यावर. आता एकदम दादा, सावकाश."

मी पट्ट्या गुंडाळायला घेतल्या. या माणसाचा मला सकाळपासून आलेला वैताग कुठे गेला कुणास ठाऊक. नुसतं वाईट वाटत होतं.

"बायकोला आत्ता काही कळू देऊ नका," तो म्हणाला. "रिपोर्ट येईपर्यंत जेवेल तरी दोन घास."

दार उघडताच बायको बाकावरून उठली. पाय राहील ना, हा एकच प्रश्न ती सकाळपासून विचारत होती. तोच तिने पुन्हा विचारला. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "पीक चांगलं आलंय म्हणाल्या या." तिने माझ्याकडे बघितलं. मी डॉक्टर सांगतील म्हणाले, नेहमीसारखंच, आणि तिने त्याचाही अर्थ होकारच घेतला. मग सोमवारी दुकान उघडायचं, लोकांचे कपडे अडकलेत, असं ती मोकळेपणाने बोलू लागली.

"उघडू की," तो म्हणाला आणि तिच्या खांद्याचा आधार न घेता चालायला लागला.

पुढचा पेशंट आत आला. त्याने काही चूक करण्याआधीच मी त्याच्यावर वसकन ओरडले.