भिंतीच्या कडेवरची बोटं

संग्राहक म्हणजे रिकामटेकडी माणसं, असं माझं स्पष्ट मत होतं. त्यात हा एकजण व्हिडिओ कॅसेटींसाठी कपाट करून घ्यायला आमच्या सुतारकामाच्या दुकानात आला आणि मापं द्यायची सोडून एका सिनेमाचं पुराणच लावून बसला.

"चार दिवसांत थिएटरातून उतरला हो! भूत नाही, रक्त नाही. एकटी बाई रोज पावलांनी खोली मोजते आणि खोली रोज थोडी कमी भरते. बास! तरी अंगावर काटा येतो. आणि शेवटी भिंतीच्या कडेवर चार बोटं दिसतात. कुणाची, कुणालाच ठाऊक नाही. बाकीच्या कॅसेटींतून तो तुकडा उडवलाय, माझ्या कॅसेटमध्ये आहे. आम्ही सगळे वेडे आहोत त्या बोटांपायी."

बाबा एरवी स्टुलावर बसून माझ्या रंधा मारण्याला नावं ठेवतात. त्या दिवशी त्यांचं सगळं लक्ष त्या माणसाकडे. डावा हात नेहमीसारखा खिशात. त्या हाताचं एक बोट करवतीनं अर्धं नेलंय. त्याची लाज वाटते म्हणून लपवतात, अशी आमची घरच्यांची समजूत.

"मला बघायला मिळेल?" बाबांनी विचारलं.

रविवारी दुपारी आम्ही त्याच्या घरी गेलो. खरं सांगते, मी नाक मुरडतच बसले होते. पण अर्ध्या तासात खुर्चीचा हात घट्ट धरला. काय सिनेमा आहे! त्या बाईचं मोजणं थांबेना आणि इकडे मला श्वास पुरेना.

मग ती कड आली. चार बोटं. पहिलं अर्धं.

"अगं बाई!" माझ्या तोंडून निघालं.

"या सेटवर सुतार होतो. भिंत मी सरकवायचो," बाबा म्हणाले. "रोज दोन बोटं आत. त्या दिवशी चाक अडकलं, म्हणून हातानं ओढली. कॅमेरा चालू होता आणि परत घ्यायला फिल्म उरली नव्हती. दिग्दर्शक सगळ्यांदेखत म्हणाला, या हातानं माझा सिनेमा बुडवला. आणि बुडालाच तो. माफ करा."

म्हणजे लाज बोटाची नव्हतीच! एवढी वर्षं हा माणूस बुडालेला सिनेमा खिशात घेऊन फिरला आणि आम्हाला चकार शब्द नाही. मला रडू आलं आणि रागही आला.

"बुडवला?" संग्राहक ताडकन उठला. "अहो, तो आज जिवंत आहे तो तुमच्या हातामुळे! दाखवा तरी."

बाबांनी हात बाहेर काढला. त्यानं तो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडेना.

शेवटी बाबांनीच सोडवून घेतला, डोळे पुसले आणि त्याच अर्ध्या बोटानं पडद्याकडे दाखवत म्हणाले, "परत लावा जरा. चाक कुठं अडकलं ते हिला दाखवतो."