धक्क्याची आतली बाजू

चारुदत्त प्रधान बत्तीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून खांदा कॉलनीतल्या घरी परतला, तेव्हा त्याला आता समुद्राचा वीट आला असेल असं शेजाऱ्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. नोकरीत त्याने समुद्र फारसा पाहिलाच नव्हता. पाहिलं होतं ते तेल, वाफ आणि गरम लोखंड. म्हणून त्याने गोव्यात एक जुनी शिडाची यॉट विकत घेतली. चौतीस फुटांची, आत दोघांना झोपायला आणि चहा-भात करायला जागा असलेली. दोन वर्षं जाऊन-येऊन त्याने तिचा तळ घासला, इंजिन खोलून पुन्हा बसवलं, बाहेरून पांढराशुभ्र रंग दिला. बायको किशोरी शाळेतून निवृत्त झाली होती. दिवाळीनंतर दोघांनी लक्षद्वीपला जायचं, असा बेत ठरला होता.

एप्रिलमध्ये गोव्यातल्या त्या यार्डाची जमीन विकली गेली आणि सगळ्यांना आपापल्या बोटी हलवायला सांगण्यात आलं. चारुदत्त एका जुन्या सहकाऱ्याला घेऊन यॉट मुंबईकडे आणायला निघाला. पाच दिवसांनी तो उरणच्या समोर पोहोचला. मुंबईएवढं शहर समुद्राला टेकून उभं आहे, आणि एका नावेला तिथे जागा मिळणार नाही, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

शहरातल्या क्लबांत त्याने विचारलं. आधी सभासद व्हा, मग यादीत नाव लागेल, असं उत्तर मिळालं. यादीत दहा-दहा वर्षं थांबलेली माणसं होती. एका ठिकाणी चांगला धक्का होता, पण तो फेरीबोटींसाठी. करंज्याला पाऊसकाळाच्या आधी परतलेल्या होड्या एकीला एक लागून अशा दाटल्या होत्या की माणूस पाय ओले न करता या टोकाहून त्या टोकाला गेला असता. पनवेलची खाडी घरापासून दहा मिनिटांवर, पण ओहोटीला तिथे नुसता चिखल राहायचा, आणि यॉटच्या तळाला साडेपाच फूट खोल उतरलेला जड कणा होता. पाणी सरलं की ती कुशीवर पडली असती. तोवर यॉट खाडीच्या तोंडाशी उघड्यावर नांगरून ठेवलेली होती. चारुदत्त रोज स्कूटरवरून जायचा, कोणाची तरी होडी घेऊन तिच्यापर्यंत जायचा, आणि बाकीचा दिवस मोबाइलवर वाऱ्याचा अंदाज बघत बसायचा.

असं फिरताना त्याला तळबंदर सापडलं. पन्नासेक घरांचा कोळीवाडा आणि एक जुना दगडी धक्का. धक्क्याच्या बाहेरच्या बाजूला थेट वारं लागायचं. आतल्या बाजूला मात्र एका होडीपुरती अशी जागा होती, जिथे ओहोटीतही पुरुषभर पाणी राहायचं आणि नैर्ऋत्येचं वारं पोचत नसे. तिथे आनंदा नावाच्या कोळ्याची होडी उभी असायची.

चारुदत्तने रीतसर विचारलं. गावच्या मच्छिमारांचं पुढारपण दाजी नावाच्या म्हाताऱ्याकडे होतं. दाजीने सांगितलं, ती जागा आनंदाच्या बापापासूनची आहे, कागद कसलाच नाही, पण तिथे दुसरं कोणी होडी लावत नाही. मग त्याने आनंदालाच बोलावलं. पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. त्याची बायको वेणू करंजाड्याला मासळी विकायला बसायची. आनंदाने यॉट एकदा लांबून पाहिली, तिचा कणा किती खोल हे विचारलं, आणि म्हणाला, "पुनवेच्या उधाणाला आमी होड्या वर काढतो. मंग पावसाळाभर जागा तुमचीच. तेवडं थांबा."

पुनवेला अठरा दिवस होते. किशोरीला हे फारच बरं वाटलं. माणूस भला आहे, थांबू या, असं ती म्हणाली. चारुदत्तही थांबणारच होता. पण चौथ्या दिवशी सकाळी तो खाडीवर पोहोचला तर यॉट जागेवर नव्हती. वाऱ्याने नांगर ओढत नेला होता, आणि ती खडकांपासून हाताच्या अंतरावर डुलत होती. त्याने इंजिन चालू करून तिला मागे आणलं. दोन वर्षं त्याने ज्या बोटीवर घालवली, ती एका तासात गेली असती.

त्याच दिवशी त्याने ओळखीच्या इंद्रजीतला फोन केला. इंद्रजीत करंजाड्याला इमारती बांधायचा, आणि त्याची सगळीकडे उठबस होती. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तो हसला. त्या जागेचा कागद आजवर कोणी केलाच नसेल, तर आपण करून घेऊ, असं त्याचं म्हणणं. पाच दिवसांत एका कचेरीतून कागद आला. धक्क्याची आतली बाजू पर्यटन नौकेसाठी राखीव, पहिला परवाना चारुदत्त प्रधान यांच्या नावे. तीन दिवसांत जागा मोकळी करावी, अशी आनंदाला नोटीसही गेली.

चारुदत्तने किशोरीला सांगितलं ते एवढंच की परवानगी मिळाली.

आनंदा भांडला नाही. दाजी दोन शब्द बोलायला पुढे आला, तर त्याने त्यालाही थांबवलं. होडी सोडून त्याने धक्क्याच्या बाहेरच्या बाजूला नेऊन बांधली. धक्क्याला त्याने टांगलेले जुने टायर तसेच होते. चारुदत्तने ते घेऊन जायला सांगितलं, तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. तुमच्या बोटीला लागतील."

यॉट आत आली. त्या संध्याकाळी चारुदत्त कित्येक दिवसांनी पोटभर जेवला.

चौथ्या दिवशी, बुधवारी, तो दुपारी यॉटवर पंप दुरुस्त करत बसला होता. तीनच्या सुमाराला उजेड गेला. वर येऊन पाहिलं तर नैर्ऋत्येकडे आभाळ काळंनिळं झालं होतं आणि पाणी अगदी निपचित पडलं होतं. गावातल्या बऱ्याच होड्या करंज्याला होत्या. धक्क्यावर दाजी होता, आणि भराभर चालत आलेला आनंदा.

तो यॉटजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, "सायेब, वावधान येतंय. बाहेर होडी तग धरायची नाय. तुमच्या बोटीला लागून आत लावू का? घटकाभर."

चारुदत्तने त्याच्या होडीकडे पाहिलं. जाड फळ्या, बाहेर आलेले लोखंडी खिळे, काठाला लावलेली पत्र्याची पट्टी. मग आपल्या पांढऱ्या रंगाकडे.

"ही फायबरची आहे हो," तो म्हणाला. "तुमची होडी आदळली तर हिला भोक पडेल."

"मदी टायर घालतो. चार हायत माज्याकडं."

"नको. बाहेरच बांधा घट्ट. थोड्या वेळाचं वारं असेल."

आनंदा "बरं" म्हणाला आणि वळला.

वारं आलं ते एकदम, अंगावर भिंत कोसळावी तसं. आतल्या बाजूला यॉट नुसती हलली. चारुदत्त केबिनच्या काचेतून बाहेरची बाजू बघत होता. आनंदाची होडी लाटेबरोबर धक्क्याच्या वर यायची आणि खाली आपटायची. पुढचा दोर तुटला. आनंदा नवा दोर घेऊन होडीत उतरला, तो त्याने बांधलाही. मग होडी धक्क्यावर आपटू नये म्हणून तो होडीच्या काठावर बसून, दगडाला पाय लावून तिला बाहेर रेटू लागला. एक मोठी लाट होडीच्या पिछाडीखाली शिरली. होडी फिरली, आणि आनंदा तिच्या काठात आणि दगडात सापडला.

चारुदत्त धावला. त्याने आणि दाजीने पुढच्या लाटेला होडी सुटली तेव्हा त्याला ओढून वर घेतलं. कमरेखाली तो चेंगरला होता. शुद्धीवर होता, पण काही बोलला नाही. पनवेलच्या हॉस्पिटलात नेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तो गेला.

पोलिसांनी जबाब घेतला. वारं अचानक आलं, मी माझ्या बोटीत होतो, तो होडी वाचवायला गेला, असं चारुदत्तने सांगितलं. यातलं काही खोटं नव्हतं. हवालदाराने याहून काही विचारलं नाही. घरी आल्यावर किशोरीने विचारलं, तेव्हा तिलाही त्याने हेच सांगितलं. ती रडली. तो पंख्याखाली बसून राहिला. होडी आत घेतली असती तर फार तर दोन हात ओरखडा आला असता, आणि तो त्याने स्वतःच एका सकाळी भरून काढला असता, हे हिशोब त्याच्या डोक्यातून जात नव्हते.

पुढच्या आठवड्यात धक्क्यावर वेगळंच बोललं जाऊ लागलं. आनंदा रागाने बाहेर राहिला. जागा गेली म्हणून अडून बसला. साहेबाची लांबलचक बोट आत होती, तिला होडी लावायला काय झालं होतं, पण अभिमान आडवा आला. आनंदाचा सख्खा भाऊसुद्धा असंच म्हणू लागला. दाजी तेव्हा धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला होता, त्याला त्या दोघांचं बोलणं ऐकू आलेलं नव्हतं.

बाराव्याला किशोरी म्हणाली, आपण जायला हवं. चारुदत्तला नाही म्हणता आलं नाही.

वेणू आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. किशोरी तिच्याजवळ बसली. चारुदत्त दाराशी उभा राहिला. वेणूने मान वर केली.

"एक इचारायचं हाय," ती म्हणाली. "त्यांनी तुमाला म्हटलं व्हतं का, आत लावू का म्हनून?"

किशोरीनेही त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर शंका नव्हती; 'नाही' असंच उत्तर येणार, हे तिने धरलेलं होतं.

"म्हटलं होतं," चारुदत्त म्हणाला. "मीच नको म्हटलं."

वेणूने डोळे मिटले. मग डोळे उघडून म्हणाली, "मंग हे बाहेर जाऊन बोला. आंगणात मानसं बसली हायत."

तो बाहेर गेला. वीस-पंचवीस माणसं होती. काय घडलं ते त्याने जसंच्या तसं सांगितलं. कागद कसा मिळवला, आनंदाने काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं. आनंदाचा भाऊ उठून निघून गेला. कोणी शिवी दिली नाही, कोणी अंगावर आलं नाही. दाजी एवढंच म्हणाला, "आनंदा आडून बसनारा मानूस नव्हता. आमी उगा बोललो त्याला."

परतताना गाडीत, करंजाडं आलं तेव्हा किशोरी म्हणाली, "मला का नाही सांगितलंत?" त्या दिवसानंतर लक्षद्वीपचं नाव घरात निघालं नाही आणि किशोरीने यॉटवर पाय ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने पोलिसांत जाऊन जबाबात ते जोडून घेतलं. त्याने काही फरक पडत नाही, असं हवालदार म्हणाला. मग तो कचेरीत गेला. जागा परत करतो असा अर्ज दिला, शिक्का मारून घेतला, आणि विचारलं, आता ही जागा आनंदाच्या घरच्यांना कधी मिळेल?

कारकुनाने फाइल उघडली. "त्यांचा अर्ज कुठाय?" त्याने विचारलं. "आणि मासेमारीची होडी पर्यटनात बसत नाही. जागा आता राखीव आहे. यादीत पुढचं नाव आहे, त्यांना जाईल."

पुढचं नाव इंद्रजीतचं होतं. चारुदत्तच्या कागदाबरोबर त्याने आपलाही अर्ज गुपचूप लावून ठेवला होता. चारुदत्तने आपला अर्ज परत मागितला; जागा माझ्याच नावावर राहू द्या, मी तिथे बोट लावणार नाही, गावाला वापरू देईन, असं तो काकुळतीने सांगत राहिला. आवक झालेला अर्ज परत मिळत नसतो, असं कारकुनाने त्याला दोनदा समजावलं. तो वरच्या साहेबाकडे गेला. दाजीला घेऊन पुन्हा गेला. इंद्रजीतच्या घरी गेला, तर त्याने चहा दिला आणि म्हणाला, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय.

यॉट कोचीच्या एका गिऱ्हाइकाने घेतली. पावसाच्या आधी क्रेनने उचलून ती लांबलचक ट्रेलरवर चढवली गेली. चारुदत्त बघायला गेला नाही.

ऑक्टोबरात तळबंदरच्या आतल्या बाजूला इंद्रजीतची स्पीडबोट आली. रविवारी तिच्यावर माणसं येतात आणि गाणी लागतात. गावच्या होड्या बाहेरच्या बाजूला उभ्या असतात. आनंदाची होडी वेणूने करंज्याच्या एका माणसाला देऊन टाकली. होडी नाही म्हणजे मासळीही नाही, म्हणून आता ती कंटेनरच्या एका यार्डात झाडलोटीला जाते.

किशोरीला ती एकदा बसस्टॉपवर भेटली. दोघी बस येईपर्यंत बोलत उभ्या होत्या. घरी येऊन किशोरीने ते सांगितलं. वेणूची पाठ दुखते, यार्डात फार चालावं लागतं.

"माझ्याबद्दल काही म्हणाली?" चारुदत्तने विचारलं.

"नाही," किशोरी म्हणाली, आणि भाजी निवडायला बसली.