अक्रोडाचं कालवण, दुसऱ्यांदा

गाडीतला ओटा म्हणजे दोन वीत रुंदीची फळी. ती भिंतीतून खाली ओढायची, तिच्यावर शेगडी ठेवायची, की कांदा चिरायला जागा उरायची ती मांडीवर. सहा वर्षं बाईंनी मांडीवर ताट घेऊन कांदे चिरले होते. त्याआधी तीस वर्षं त्या एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होत्या, आणि तिथला ओटा इतका लांब होता की दुसऱ्या टोकाला हाक मारून मीठ मागावं लागे. निवृत्त झाल्यावर शहाणी माणसं एका जागी बसतात. या दोघांच्या डोक्यात भलतंच खूळ शिरलं.

खूळ मुळात नवऱ्याचं. बाई त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणत, कारण जन्मभर त्यांनी शाळेची बस चालवली होती. तोच रस्ता, तीच वळणं, तेच थांबे. त्याचा इतका वीट आला की राहतं घर विकून त्यांनी ही गाडी घेतली आणि नियम केला. जिथे जाऊ तिथल्या कुणाकडून तरी एक पदार्थ शिकायचा, करायचा, खायचा आणि पुढे निघायचं. एकदा केलेला पदार्थ पुन्हा करायचा नाही. ज्या दिवशी पुन्हा केला, त्या दिवशी प्रवास संपला असं समजून, असू तिथे घर मांडायचं. बाईंना तेव्हा ही थट्टा वाटली होती. थट्टा सहा वर्षं चालली आणि देशांमागून देश मागे पडले.

आता बाई दमल्या होत्या. गाडीची पायरी चढताना गुडघे बोंबलत. दर आठवड्याला नवी मंडई, नवं तेल, परक्या बाईच्या दारात उभं राहून हातवारे करत विचारायचं की हे किती वेळ भिजवू. पूर्वी त्यात मजा होती. हल्ली चहाचं आधण ठेवायचंही जिवावर येई.

गाडी एका लाँड्रीच्या मागच्या अंगणात उभी होती. लाँड्रीवालीची वरची खोली रिकामी होती. चादरी धुवायला द्यायला म्हणून गेलेल्या बाई खोली बघूनच खाली आल्या. खिडकीखाली दगडी ओटा होता, पक्का, भिंतीत बसवलेला. बाईंनी त्याच्यावर दोन्ही तळवे टेकले आणि त्यांना रडूच फुटलं. लाँड्रीवालीने शनिवार दुपारपर्यंत कळवा म्हणून सांगितलं. त्यानंतर दुसरं बिऱ्हाड येणार होतं.

ड्रायव्हरसाहेबांना सरळ विचारून झालं होतं, दोनदा. दोन्ही वेळा "बघू" म्हणत त्यांनी नकाशा उघडला होता. तेव्हा बाईंनी ठरवलं, यांचाच नियम यांच्या गळ्यात मारायचा.

शनिवारी सकाळी त्यांनी अक्रोडाचं कालवण करायला घेतलं. प्रवासाच्या पहिल्या थंडीत एका सूत विकणाऱ्या म्हातारीकडून त्या ते शिकल्या होत्या. अक्रोड भाजून बारीक कुटायचे, डाळिंबाच्या रसात कोंबडीबरोबर मंद आचेवर ठेवायचे, आणि तेल वर येईपर्यंत हलायचं नाही. तेव्हा ड्रायव्हरसाहेबांनी पावाने पातेलं पुसून खाल्लं होतं. दुसऱ्यांदा करताना बाईंना चोरी केल्यासारखं वाटत होतं, आणि फार दिवसांनी थोडी गंमतही.

साहेब जेवले, छान झालंय म्हणाले. मग रोजच्यासारखी वही काढून लिहायला बसले. लिहायचं काम त्यांचं, कारण अक्षर त्यांचं चांगलं. बाईंनी ती वही कधी उघडलीच नव्हती. वहीत बघून रांधणं त्यांना कमीपणाचं वाटे. आपल्या डोक्यात सगळं असतं, असा त्यांचा तोरा होता.

"कितवा झाला हा?" बाईंनी विचारलं.

"दोनशे एकसष्ट."

"काय सांगता, ड्रायव्हरसाहेब! अहो, हे पहिल्या थंडीत झालंय. सूतवाल्या म्हातारीचं. नियम तुमचा आहे. आता गाडीची किल्ली द्या इकडे."

साहेबांनी किल्ली दिली नाही आणि वादही घातला नाही. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "मागच्या महिन्यातही केलं होतंस तू."

बाई हसल्या. साहेब हसले नाहीत. त्यांनी वही पुढे सरकवली.

गेल्या वर्षभराच्या पानांवर जागोजागी, आजच्या पानावरही, आकड्याची जागा रिकामी होती, नुसती तारीख आणि पुढे एक शब्द: पुन्हा. बाई बोट ठेवून वाचत गेल्या. लिंबाचं सार, पुन्हा. चवळीचे वडे, पुन्हा. अक्रोडाचं कालवण चार वेळा, आणि चारही वेळा खाली लिहिलेलं, 'आज नवीनच शिकले म्हणून सांगितलं.' एका पानाच्या कडेला बारीक अक्षरात होतं, 'मीठ घालायला विसरली. खाल्लं.' यातलं एकही जेवण बाईंना आठवेना. त्यांनी पानं मागे उलटली, पुढे उलटली.

"बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर थांबावं लागलं असतं. आणि का थांबलो, ते तुला सांगावं लागलं असतं." साहेब वहीकडे बघत म्हणाले. "पुढच्या गावात आपोआप बरं होईल, असं वाटायचं. दर गावात वाटायचं."

बाईंना त्यांचा भयंकर राग आला, आणि त्या रागातच माया दाटून आली. वर्षभर हा माणूस आळणी गिळत होता आणि छान झालंय म्हणत होता. त्यांना मोठ्याने रडायचं होतं, पण तेवढी ताकद नव्हती.

पलीकडे लाँड्रीचं यंत्र घरघरत थांबलं. बाईंनी वही मिटून साहेबांच्या हातात दिली.

"डॉक्टरकडे जावं लागेल," साहेब म्हणाले.

"जाऊ. चालत जाऊ." बाईंनी पदराने तोंड पुसलं. "आधी लाँड्रीत जा आणि खोली आमची म्हणून सांगून या. उठा आता. मी विसरायच्या आत जा."