एझराची पिशवी

सासरच्या घराण्याचा इतिहास जुळवायचं काम पायलने आपणहून अंगावर घेतलं होतं. तिच्या नागपूरच्या माहेरी आजोबांच्या पलीकडचं नाव कुणाला सांगता येत नव्हतं, कारण कुणी ते लिहूनच ठेवलं नव्हतं. आणि इथे अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरला तिच्या सासऱ्यांच्या, वॉल्टरच्या कपाटात दीडशे वर्षांचे कागद जपून ठेवलेले. तिला हेवाच वाटला. २००६चा सगळा उन्हाळा ती दर शनिवारी त्यांच्याकडे जाऊन एकेक कागद स्कॅन करत बसली.

वॉल्टरचे पणजोबा एझरा ओहायोतून बैलगाडीने ॲरिझोनात आले होते. घरातल्या जुन्या बायबलच्या पहिल्या पानांवर त्यांच्या मुलांचे जन्म लिहिलेले होते, आणि त्यातली तीन मुलं घटसर्पाने एकाच आठवड्यात गेल्याचंही. ते वाचून पायल रडली होती. न पाहिलेल्या त्या माणसावर तिची माया जडली होती.

कागदांच्या जोडीला एझराची तंबाखूची पिशवी होती. मऊसूत चामड्याची, नाडीची. पेन ड्राइव्ह इकडेतिकडे होऊ नये म्हणून पायल तो त्या पिशवीतच टाकून ठेवायची.

एका शनिवारी मागच्या अंगणात बार्बेक्यू चालू होतं. वॉल्टर हातात चिमटा घेऊन आत आले आणि पिशवीकडे बघून हसले. "कशाची आहे, ओळख बघू?"

"हरणाची ना?"

"बाईची. अपाची बाईची, इथल्या आदिवासींतल्या. एझराने स्वतः सोलून कमावली." त्यांनी पिशवी उलटी करून कडेला राहिलेले दोन-चार बारीक केस तिला दाखवले.

पायलला आधी ती थट्टा वाटली. मग बाहेरून भाजत्या मांसाचा वास आला आणि ती सिंककडे धावली. पोटातलं सगळं पडून गेलं तरी उमासे थांबेनात. भांड्यांच्या घासणीने तिने तळहात लाल होईपर्यंत घासले.

"ते दिवसच तसे होते, हनी," वॉल्टर मागून म्हणाले.

तिचा नवरा ब्रायन धावत आत आला. काय झालं ते कळल्यावर तो खांदे पाडून म्हणाला, "मला वाटलं, तुला माहितीये. मी एकदा शाळेत नेली होती ती, वर्गाला दाखवायला."

"आणि टीचर काय म्हणाल्या?"

"सगळ्यांनी हात लावून पाहिला."

पायल ब्रायनपासून दोन पावलं मागे सरकली. सासऱ्यांपेक्षा तिला त्या क्षणी त्याचीच जास्त किळस आली.

घरी येऊन तिने नागपूरला आईला फोन लावला. पिशवीचं सगळं सांगितलं. रत्नाबाईंनी विचारलं, "आणि त्याच घरात बसून जेवतात ते?"

"हो."

"ज्यांची आहे त्यांना परत कर न मग. ते काय ठेवायची वस्तू आहे?"

पायलने वॉल्टरना तेच सांगितलं. "ती फॅमिलीची आहे," ते म्हणाले. "तू पुस्तकात इतकंच लिही, की एझरा अपाची इंडियनांशी शौर्याने लढले."

"जे केलं ते लिहीन. नाहीतर काहीच लिहिणार नाही."

त्यांनी कागद गोळा करून कपाटाला कुलूप घातलं. घरी पायल गेस्ट रूममध्ये झोपू लागली. ब्रायन जवळ आला की तिला शिसारी यायची, आणि ती लपवायचं तिने सोडून दिलं.

एका रविवारी ब्रायन बुटांचा खोका घेऊन दारात उभा राहिला. "डॅडना विचारलं नाही. पिशवी उचलून आणली."

दुसऱ्या दिवशी दोघांनी रजा टाकली आणि ते ड्राइव्ह करून अपाचींच्या वस्तीवर गेले. कचेरीतल्या म्हाताऱ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. खोका न उघडता त्यांनी त्यावर एक स्वच्छ कापड पांघरलं. "हिचं नाव?"

"माहीत नाही," पायल म्हणाली. "मारणाऱ्याचं माहिती आहे."

"ते नको आम्हाला." बाई खोका छातीशी धरून आत निघून गेल्या. आभार मानले नाहीत, रागावल्याही नाहीत. पायलला मात्र वाटलं, त्यांनी दोन शिव्या तरी द्यायला हव्या होत्या.

वॉल्टरनी मुलाशी बोलणं टाकलं. ब्रायनने ते निमूट सोसलं. हळूहळू पायल त्याच्या शेजारी बसून जेवू लागली. पण मांस तिने घरात आणू दिलं नाही, आणि त्याने हात पुढे केला की तो धरण्याआधी ती अजून क्षणभर थांबते.